युद्ध संपल्यानंतरची व्यंगचित्रे युद्धकाळातील व्यंगचित्रांहून इतकी वेगळी आणि कडवट का वाटतात?

युद्ध चालू असताना व्यंगचित्रकाराला लक्ष्य शोधावे लागत नाही. शत्रू समोर आयताच उभा असतो. त्याचे नाक वाढवले, मिशा ताठ केल्या की वाचक हसायला तयारच असतो. तह झाला की ही सोय संपते आणि त्याला आपल्याच बाजूच्या मंडळींकडे पाहावे लागते. आपण ज्याला कडवटपणा म्हणता, त्याचे मूळ माझ्या मते इथे आहे.

पहिल्या महायुद्धानंतरचे एक चित्र यासाठी बारकाईने पाहण्यासारखे आहे. विल डायसन या ऑस्ट्रेलियन चित्रकाराने ते मे १९१९ मध्ये, म्हणजे व्हर्सायच्या तहावर सह्या होण्याआधीच, लंडनच्या ‘डेली हेरल्ड’ या दैनिकासाठी काढले. विजयी राष्ट्रांचे नेते सभागृहातून बाहेर पडत आहेत आणि त्यांच्यातील फ्रान्सचा पंतप्रधान क्लेमान्सो थबकून म्हणतो आहे की, कुठेतरी मूल रडत असल्यासारखे वाटते. खांबाआड एक उघडे मूल खरोखरच रडते आहे आणि त्याच्यावर ‘१९४० ची तुकडी’ असे लिहिलेले आहे. १९४० मध्ये फ्रान्स जर्मनीपुढे पडला, त्यामुळे या चित्राला भविष्यवाणी म्हणण्याची प्रथा पडली, आणि मीही बरीच वर्षे तसेच समजत होतो. वस्तुतः फ्रान्समध्ये सक्तीच्या भरतीची तुकडी तरुणांना विसावे वर्ष लागण्याच्या सालावरून ओळखली जाई, त्यामुळे तान्ह्या मुलावर १९४० हा आकडा घालणे म्हणजे ढोबळमानाने साधी बेरीज होती. डायसनने वर्ष ओळखले असे मी म्हणणार नाही. त्याने हिशेब मांडला, आणि दोनदा जखमी होईपर्यंत त्याने आघाडीवर चित्रे काढलेली असल्यामुळे तो मांडण्याचा अधिकारही त्याला होता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ‘पंच’ या ब्रिटिश विनोदी साप्ताहिकाने राष्ट्रसंघाचा पूल छापला, ज्याच्या मधोमध बसवायच्या दगडाला अंकल सॅम, म्हणजे अमेरिका, आरामात टेकला आहे. कल्पना चतुर आहे, पण त्यात कोणी रडत नाही.

पराभूत जर्मनीत गेओर्ग ग्रोस या चित्रकाराने तर अधिक निर्दयपणे काम केले. त्याच्या एका चित्रात लष्करी डॉक्टर चक्क एका सांगाड्याच्या फासळ्यांना नळी लावून तपासतो आणि त्याला लढाईसाठी पात्र ठरवतो; शेजारी अधिकारी निवांत गप्पा मारत आहेत. ग्रोस स्वतः दोनदा सैन्यात जाऊन अपात्र ठरून परतला होता, त्यामुळे ही तपासणी त्याने ऐकीव माहितीवरून रेखाटलेली नाही. हे चित्र ज्या संचात १९२० मध्ये प्रसिद्ध झाले, त्याबद्दल सैन्याचा अपमान केल्याच्या आरोपाखाली त्याला ३०० मार्क दंड झाला. लक्षात घ्या, हा खटला युद्ध संपल्यानंतर, नव्या जर्मन प्रजासत्ताकाच्या न्यायालयात चालला.

विजयी देशातही वाचक फार वेगळे वागत नाहीत. अमेरिकेच्या बिल मॉल्डिन या व्यंगचित्रकाराचे विली आणि जो हे दाढी वाढलेले, चिखलाने माखलेले शिपाई दुसऱ्या महायुद्धात सैनिकांचे अत्यंत लाडके होते आणि १९४५ मध्ये त्याला पुलित्झर पारितोषिकही मिळाले. घरी आल्यावर त्याने परतलेल्या सैनिकांची परवड आणि देशातील वर्णद्वेष रेखाटायला घेतला, तेव्हा अनेक वृत्तपत्रांनी त्याची चित्रे छापणे बंद केले.