काळ्या पुठ्ठ्यातली पीएचडी आणि नूतन झेला

प्रश्न : माझी मुलगी पीएचडी करतेय, तिसरं वर्ष चालू आहे. घरी कुणीही आलं की पहिला प्रश्न, याचा लोकांना काय उपयोग? सगळे प्रबंध शेवटी काळ्या पुठ्ठ्यात बांधून कपाटातच जातात ना? खरं सांगू का, आता मलाही तसंच वाटायला लागलंय. – एक आई, चिपळूण

उत्तर : ताई, कपाटात जातात हे खरंच आहे, पुष्कळ जातात, उगाच कशाला नाकारू. पण तुम्ही चिपळूणच्या, म्हणजे दापोली शेजारीच, मग तिथलंच सांगतो.

आमच्याकडे पूर्वी आंबे उतरवायचे म्हणजे बांबूला जाळी बांधलेला साधा झेला, हिसका दिला की आंबा जाळीत पण देठ वरच तुटायचा, आणि मग तो चीक फळावर ओघळून काळे डाग. डागाळलेला आंबा पेटीत भरत नाहीत, तो सरळ कॅनिंगला, म्हणजे रस डब्यात भरणाऱ्या कारखान्याला, आणि तिथला पडका दर तुम्हाला माहितीच आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने नूतन झेला काढला त्याला वरती पातं आहे, देठ कापला जातो आणि आंबा देठासकट जाळीत येतो, चीक बाहेरच येत नाही. एवढंच!! दिसायला काय आहे त्यात, पण कुणीतरी हा डाग का पडतो याचा नीट विचार केला म्हणून झालं ना ते. भात कापायचा वैभव विळा पण तिथलाच, दातेरी असल्यामुळे सारखी धार लावत बसावं लागत नाही. दिवसभर वाकून भात कापणाऱ्या बायकांना विचारा याची किंमत.

आता दुसरी बाजू पण सांगतो नाहीतर म्हणाल जाहिरात करतोय. तिथल्याच लोकांनी नीलम आणि हापूस या आंब्यांचा संकर करून 1981 ला रत्ना ही नवी जात आणली, मग रत्ना आणि हापूसपासून 1992 ला सिंधू, कोय इतकी पातळ की नुसता गर. मला स्वतःला रत्ना आवडतो. पण बाजाराला हापूसच पाहिजे, गिऱ्हाईक नाव बघून पेटी उचलतं, त्यामुळे हापूसची जागा काही या दोघांनी घेतली नाही. काजूचं मात्र उलट झालं, वेंगुर्ला-4 आणि वेंगुर्ला-7 या तिथल्याच जातींची कलमं लोकांनी भराभर लावली.

आणि इथे एक गंमत आहे. कातळावर, वरकस म्हणजे हलक्या जमिनीवर एवढी कलमं लागली कशी? 1990 पासून फळबाग लागवड रोजगार हमीला जोडली, खड्डे काढायची मजुरी सरकारकडून. आता रोजगार हमी म्हटलं की ती योजना मांडणारे वि. स. पागे आणि 72 चा दुष्काळ आठवतो, बरोबरच आहे, पण त्याच सुमाराला 1971 मध्ये पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधले अर्थशास्त्रज्ञ दांडेकर आणि रथ आकडे घेऊन सांगत होते की पोटभर खायला सुद्धा न मिळणारे लोक या देशात किती आहेत आणि सरकारने त्यांना गावातच काम दिलं पाहिजे. त्याच इन्स्टिट्यूटचे धनंजयराव गाडगीळ तर अर्थशास्त्र शिकवता शिकवता लोणीला विखे पाटलांबरोबर साखर कारखान्याचे चेअरमन झाले. त्यामुळे मुलगी शेतीत नसून समाजशास्त्रात वगैरे असेल तरी काळजी करू नका, फक्त तिथे फळ दिसायला वेळ लागतो आणि श्रेय कुणाचं हे नीट सांगता येत नाही.

कृषी विद्यापीठांची एक पद्धत मला आवडते. वर्षातून एकदा राज्यातल्या चारही कृषी विद्यापीठांची जॉइंट अ‍ॅग्रेस्को, म्हणजे संशोधन तपासणारी संयुक्त बैठक बसते, त्यात शिफारस पास झाली तरच ती शेतकऱ्याला सांगायची. म्हणजे प्रबंध झाला तरी काम संपत नाही, पुढे कुणाला तरी उत्तर द्यावं लागतं. बाकीच्या विषयांत असलं काही बंधन नाही, तिथे ज्याची त्याची इच्छा.

तेव्हा मुलीला उपयोग काय असं नका विचारू, बिचारी आधीच वैतागली असेल. तुझा प्रश्न मुळात कुणाचा गं, एवढंच विचारा. कुणा माणसाचं, कुठल्या गावाचं नाव तिच्या तोंडून पटकन आलं तर पाहुण्यांना चहा द्या आणि विषय बदला. नाव नाही आलं, तर अजून तिसरंच वर्ष आहे, दोन दिवस तिला फील्डवर पाठवा.