ल्युब्ल्यानातलं शीश्का पूर्वी खेडं होतं का? शहरात कधी गेलं, आणि जुन्या गावाचा माग कसा काढायचा?

शीश्का आज स्लोव्हेनियाच्या राजधानीचा गजबजलेला भाग आहे, पण ते खेडं होतं हे खरं. फक्त एक नव्हे, दोन. शहराला लागून स्पोद्न्या म्हणजे खालचं शीश्का, आणि वायव्येला झ्गोर्न्या म्हणजे वरचं. खालचं १९१४ साली ऑस्ट्रिया-हंगेरीच्या अमलात ल्युब्ल्यानात सामील झालं. तेव्हा महापौर होते कादंबरीकार इवान ताव्चार. वरचं थेट १९३५ साली, म्हणजे युगोस्लाव्हियाच्या राजवटीत. त्यामुळे कुणी एकच साल सांगितलं, तर ते कुठल्या शीश्काचं हे आधी विचारून घ्या.

कागदोपत्री विलीनीकरण झालं त्याच्या कितीतरी आधी खालच्या गावाची शेतीवाडी मोडायला लागली होती. त्याला मुख्य कारण रेल्वे. व्हिएन्नाकडून येणारा लोहमार्ग १८४९ मध्ये ल्युब्ल्यानाला पोचला, १८५७ मध्ये तो पुढे त्रिएस्तपर्यंत गेला आणि १८७० मध्ये गोरेन्स्का प्रांताकडचा फाटा शीश्काच्या बाजूने निघाला. मधल्या काळात, १८६४ मध्ये, कोस्लर बंधूंनी गावाच्या कडेला बिअरचा कारखाना काढला. तोच आजचा उनिओन. (त्यांच्यातल्या पेटर कोस्लरने स्लोव्हेन प्रदेशाचा पहिला नकाशाही तयार केला होता.) रूळ आणि कारखाना आल्यावर कामगारांची वस्ती वाढली आणि गाव नावापुरतंच राहिलं.

वरच्या शीश्काचं तसं नाही. ते बराच काळ शेतकऱ्यांचं गाव राहिलं. स्लोव्हेन भाषेतला पहिला कवी मानला जाणारा वालेन्तिन वोद्निक ३ फेब्रुवारी १७५८ रोजी इथेच जन्मला. १७९७ मध्ये स्लोव्हेनमधलं पहिलं वृत्तपत्रही त्यानेच चालवायला घेतलं. त्याच्या घराला गावात ‘प्री झिबेर्तु’, म्हणजे ‘झिबर्टकडे’, असं म्हणत. आडनाव वोद्निक, घराचं नाव वेगळंच! तिकडच्या खेड्यांत घरनाव घराला चिकटतं, माणसं बदलली तरी. म्हणून जुन्या कागदांत एकच कुटुंब दोन नावांनी सापडलं तर गोंधळू नका. ते घर आज सांस्कृतिक केंद्र म्हणून उभं आहे. या गावाच्या शेतीवर मोठा घाला आला तो दुसऱ्या महायुद्धानंतर: १९४७ मध्ये लितोस्त्रोय हा टर्बाइनचा कारखाना सुरू झाला आणि मागोमाग कामगारांच्या इमारती.

आता माग काढण्याची रीत. सुरुवात ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्झ याच्या काळातल्या भूमापनापासून करा. १८१७ च्या शाही हुकमावरून हे काम निघालं आणि क्रान्यस्का प्रांतात (ल्युब्ल्याना याच प्रांतात होतं) ते १८२० च्या दशकात पार पडलं. नकाशे १:२८८० या प्रमाणात आहेत. हा आकडा विचित्र वाटतो, पण त्याचा हिशेब सरळ आहे: नकाशावरचा १ इंच म्हणजे जमिनीवरचे ४० क्लाफ्टर, आणि १ क्लाफ्टर म्हणजे ७२ इंच. पक्की दगडी बांधकामं लाल रंगात, लाकडी पिवळ्या. गावठाण शोधायला एवढं पुरतं; लाल-पिवळे ठिपके जिथे दाटीने दिसतील तिथे गाव, आणि त्यामागे लांबट पट्ट्यांची शेतं. हे नकाशे स्लोव्हेनियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.

लोक अडकतात ते तीन ठिकाणी. पहिलं नाव. त्या काळचे बरेच कागद जर्मनमध्ये आहेत, तेव्हा शोधताना लायबाख (ल्युब्ल्याना), उंटरशिश्का (खालचं) आणि ओबरशिश्का (वरचं) हीच रूपं टाका. दुसरं घर क्रमांक. पूर्वी क्रमांक रस्त्यावर नव्हे, अख्ख्या गावावर पडत. शहरात गेल्यावर रस्त्यांना नावं आली आणि क्रमांक नव्याने पडले. जुना ‘शीश्का अमुक’ आजच्या पत्त्यावर थेट बसवाल तर हमखास चुकाल; जमिनीचा गट क्रमांक धरून पुढे या. मात्र तोही पुढे फुटलेला असतो, आणि इमारतींचे क्रमांक शेतांपेक्षा वेगळ्या मालिकेत असत, हे ध्यानात ठेवा. तिसरं चर्च. शीश्कातलं सेंट फ्रान्सिसचं मोठं चर्च वास्तुविशारद योझे प्लेच्निकचं, १९२० च्या दशकातलं. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातल्या बाप्तिस्म्याच्या नोंदी तिथे नव्हे, जुन्या पॅरिशांच्या, म्हणजे चर्चच्या हद्दींच्या, वह्यांत असणार. त्यांतल्या बऱ्याच ‘मात्रिकुला’ या संकेतस्थळावर मोफत पाहता येतात.

आणि एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. जमिनीच्या दप्तरात दोन्ही गावं अजून जिवंत आहेत. मुंबईत मिळकत पत्रिकेवर आजही ‘मौजे विलेपार्ले’ लिहिलेलं येतं, तशीच तिथे स्पोद्न्या शीश्का आणि झ्गोर्न्या शीश्का ही भूमापनाची वेगवेगळी क्षेत्रं आहेत. त्यामुळे जमिनीचा जुना व्यवहार तपासायचा तर आधी जागा कुठल्या क्षेत्रात येते ते ठरवा, मग गट क्रमांक.

प्रत्यक्ष जाणार असाल तर उनिओनपासून त्सेलोव्श्का रस्त्याने वायव्येकडे चालायला लागा. सेंट येर्नेयचं छोटं जुनं चर्च वाटेत बघा, तिथून प्लेच्निकचं चर्च, आणि मग वोद्निकोवा रस्त्याने कवीचं घर. रुंद रस्त्यापासून आत वळल्यावर जिथे गल्ली विनाकारण वाकडी होते आणि घराची बाजू रस्त्याकडे असते, तिथे भूमापनाचा जुना नकाशा उघडून ताडून पाहा.