पहिला व्हॉल्व्ह ॲम्प बांधताना

गिटारसाठी व्हॉल्व्हचाच, म्हणजे काचेच्या नळ्यांचा, ॲम्प बांधायचाय ना, मग फेंडर कंपनीच्या चॅम्प या छोट्या गिटार ॲम्पचं ५एफ१ सर्किट घे. व्हॉल्व्ह तीनच: एक १२एएक्स७, एक ६व्ही६, रेक्टिफायरला (एसीचं डीसी करायला) ५वाय३. पाचेक वॅटच मिळतात, पण घरात तेवढा आवाज पुष्कळ होतो. पॉवर ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी, म्हणजे मेन्सला जोडायची बाजू, २३० व्होल्टचीच हवी.

खरी काळजी फिल्टर कपॅसिटरची, म्हणजे डीसी सपाट करायला चार्ज साठवणाऱ्या कपॅसिटरची. प्लग काढल्यावरही त्यांत ३०० व्होल्टच्या वर चार्ज राहू शकतो. आत हात घालण्याआधी तो रेझिस्टरमधून उतरव आणि मीटरने मोजून बघ. दर वेळी, कितीही घाई असली तरी. चॅसिसला अर्थिंग पक्कं कर. पहिल्यांदा चालू करताना इलेक्ट्रिशियन वापरतात तसा सिरीज बोर्ड लाव, म्हणजे ॲम्पचा करंट एका बल्बमधून जाईल; बल्ब एलईडी नको, तारेचाच. तो लख्ख पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद कर. आणि स्पीकर जोडल्याशिवाय अजिबात चालवू नकोस, आउटपुट ट्रान्सफॉर्मर (व्हॉल्व्ह आणि स्पीकरच्या मधला) जळू शकतो.