पॅकेजचे १,८०,००० रुपये एकदम भरू का?

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. पगार ३४,००० रुपये. मुलगा दोन वर्षं आठ महिन्यांचा आहे, चार-पाच शब्दांपलीकडे बोलत नाही. पुण्यातलं एक सेंटर वर्षभराच्या स्पीच थेरपीचे १,८०,००० रुपये सांगतंय. आठवड्याला दोन सेशन, पैसे आधी. इथे सोलापुरात सेशनला ५०० रुपये पडतात. मुलाच्या शिक्षणासाठी ठेवलेली २,४०,००० रुपयांची एफडी मोडू, की पर्सनल लोन घेऊ? सासरे म्हणतात, मुलगे उशिराच बोलतात, तीन वर्षं होऊ द्या. (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : सासऱ्यांचा मान राखा, पण थांबू नका. दोन वर्षांच्या आसपास मुलं 'पाणी दे', 'बाबा ये' असे दोन शब्द जोडायला लागतात. तुमचा मुलगा अजून तिथे पोचलेला नाही. त्यामुळे खर्च करायचाच आहे, फक्त तो एकरकमी नको.

कुठलीही फी भरण्याआधी कानाची तपासणी करा. टीव्ही लावला की वळून बघतो, म्हणजे सगळं ऐकू येतं असं नाही. डॉक्टर बहुधा बेरा चाचणी सांगतील, म्हणजे आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी तपासणी. ऐकण्यातच अडचण निघाली तर उपचाराची दिशाच बदलते, आणि वर्षाचं पॅकेज आधीच भरलेलं असेल तर तुम्ही अडकलात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा मोफत तपासणी होते आणि पुढच्या उपचारांसाठी जिल्हा पातळीवर डीईआयसी, म्हणजे लहान मुलांमधल्या अडचणींवर लवकर उपचार करणारी केंद्रं आहेत. अंगणवाडी ताईंकडे आणि सिव्हिल हॉस्पिटलमध्ये आधी चौकशी करा. फुकट आहे म्हणून कमी प्रतीचं असेल, हे मनातून काढून टाका.

आता हिशेब. वर्षाची १०४ सेशन धरली तर पुण्यात एक सेशन साधारण १,७३० रुपयांना पडतं. त्यावर आठवड्यातून दोनदा हुतात्मा एक्स्प्रेसने जाणं-येणं, तुमची किंवा वहिनींची दिवसभराची खोटी, आणि चार तासांच्या प्रवासाने किरकिरलेलं मूल. तिथे तो काय शिकणार? सोलापुरात तेवढीच सेशन ५२,००० रुपयांत होतात, आणि तीही महिन्याच्या महिन्याला पैसे देऊन. निदान स्पष्ट होत नसेल तर पुण्याच्या तज्ज्ञांकडे एखादी फेरी जरूर मारा, तो खर्च वाया जाणार नाही.

पर्सनल लोनचा विचार सोडा. १६ टक्क्यांनी दोन वर्षांसाठी १,८०,००० घेतले तर हप्ता ८,८०० च्या घरात जातो, म्हणजे पगाराचा चौथा हिस्सा, आणि व्याजच ३१,००० च्या वर. एफडी मोडा. शिक्षणासाठी ठेवलेल्या पैशाला हात लावायचा नाही, हा तुमचा संकोच समजतो. पण बोलायला शिकणं हे त्याचं पहिलं शिक्षण नाही तर काय? मोडून ६०,००० च्या चार एफडी करा. एक यंदाच्या उपचारांना, बाकीच्या तशाच राहू द्या. मोडताना थोडं व्याज कापलं जाईल, ते सोसा.

थेरपिस्ट निवडताना भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी बघा, आणि आईला सेशनमध्ये बसू देतात का ते विचारा. देत नसतील तर दुसरीकडे जा. आठवड्यातल्या दोन सेशनपेक्षा घरातले उरलेले तास जास्त मोलाचे असतात, आणि ते कसे वापरायचे हे शिकण्यासाठीच अर्धी फी आहे असं मी धरतो. दर तीन महिन्यांनी प्रगती लेखी मागा.

पत्रात शेवटी लिहिलंय की आजी तेलुगूत बोलतात ते बंद करायला शेजाऱ्यांनी सांगितलं. अजिबात करू नका. दोन भाषा कानावर पडल्याने बोलणं अडत नाही. नाहीतर सोलापूरच्या पूर्व भागातली, घरी तेलुगू आणि बाहेर मराठी ऐकणारी निम्मी मुलं मुकी राहिली असती! बंद करायचाच असेल तर मोबाइल करा.

८०डीडीच्या, म्हणजे घरातल्या अपंग व्यक्तीच्या खर्चासाठीच्या, करसवलतीबद्दल विचारलंत. त्यासाठी किमान ४० टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं, आणि वर्षाला ४,०८,००० रुपयांवर तुम्हाला तसाही कर बसत नाही. निरामय या सरकारी आरोग्य विम्यात थेरपीचा खर्च मिळू शकतो, पण तो स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्यांसाठी आहे. निदान हातात येण्याआधी त्या कागदांच्या मागे लागू नका. या आठवड्यात फक्त कानाच्या तपासणीची वेळ घ्या.