पाच महिन्यांच्या बाळाला घेऊन इमॅजिकाला?

"ताई, मी जायचं म्हटलं तर स्वार्थी ठरेन का?" नाशिकच्या इंदिरानगरातून माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या एका आईचा हा प्रश्न. (ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मोठा मुलगा सहा वर्षांचा, धाकटी पाच महिन्यांची. मेच्या सुट्टीत नणंदेच्या कुटुंबासोबत खोपोलीजवळच्या इमॅजिका या थीम पार्कला जायचं घाटत होतं. सासूबाई म्हणाल्या, "एवढ्याशा लेकराला उन्हात कुठं नेता?" नवरा म्हणाला, "तू थांब घरी, आम्ही जाऊन येतो." मोठा हटून बसलेला, आई नाही तर मीही नाही. बोलता बोलता ती बाळाच्या टोपीची नाडी सोडत होती, पुन्हा बांधत होती.

"तिथं नक्की कशाची धास्ती वाटते?" मी विचारलं. ऊन, गर्दी, दूध कुठं पाजायचं... आणि सगळे राइड्सवर गेले की आपण एकटीच बाळ घेऊन बाकावर. हे सांगताना तिचे डोळे भरले. खरं दुखणं तिथं होतं.

उन्हाबाबत सासूबाईंचं बरोबरच होतं, तसं मी स्पष्ट सांगितलं. सहा महिन्यांखालच्या बाळाला थेट ऊन नको. उकाडा आहे म्हणून वरचं पाणीही द्यायचं नाही, अंगावरचंच दूध जास्त वेळा पाजायचं. कसारा घाट उतरून खोपोली गाठायची आणि त्याच दिवशी परतायचं, हे बाळाला जड आणि आईलाही.

पुढच्या भेटीला नवऱ्याला बोलावलं. माणूस समंजस, पण बाळ सांभाळणारी आईच, हे त्यानं गृहीतच धरलं होतं. बायको बाकावर एकटी बसेल, हे ऐकून तो गप्प झाला. मग त्यानंच सुचवलं: जायचं ते हिवाळ्यात, मुक्काम करून. सकाळी बाळ माझ्याकडे, ही मोठ्याला घेऊन राइड्सवर, जेवणानंतर अदलाबदल. तोवर सराव म्हणून रविवारी संध्याकाळी पांडवलेणीच्या पायथ्याच्या वनोद्यानात याच पद्धतीनं जाऊन यायचं.

तिला झोप कशी लागते, रडू सारखं येतं का, हेही मी विचारून घेतलं. बाळंतपणानंतरची उदासी दोन आठवड्यांच्या वर टिकली तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. तिच्या बाबतीत तसं नव्हतं. घरी गेल्यावर मोठ्याला सहल पुढे ढकलल्याचं सांगाल, तेव्हा 'आई येणार आहे' हे आधी सांगा, एवढं मी दोघांना बजावलं.