कास बघायला कधी जावं, आणि गाडी पुण्यातून घ्यावी की साताऱ्यातून?

तुमचा प्रश्न असा : सप्टेंबरच्या शेवटी पुण्याहून दोन दिवस साताऱ्याला यायचंय, तुम्ही दोघं, सत्तरी ओलांडलेले आई-वडील आणि दोन शाळकरी मुलं. कासचं फुलांचं पठार, ठोसेघरचा धबधबा आणि सज्जनगड करायचंय. रविवारी पहाटे कास गाठावं का, आणि पुण्यातून सेल्फ ड्राइव्ह सात सीटर घेतली तर स्वस्त पडेल का? वरच्या उत्तरांत "पहाटे निघा, गाडी स्वतः चालवा, सातारचे टॅक्सीवाले लुटतात" असं लिहिलेलं वाचलं. आमच्या कोथरूडच्या मेहुण्यांचंही हेच म्हणणं, दर लग्नकार्यात ऐकवतात. म्हणून लिहायला बसलो.

आधी वार ठरवा, वेळ मागून. सोमवार ते गुरुवारातला एक दिवस काढता येत असेल तर काढाच, मुलांची एक दिवस शाळा बुडाली तर बुडू दे. फुलांच्या हंगामात शनिवार-रविवारी समर्थ मंदिराच्या पुढे चढ सुरू झाला की गाड्यांची रांग लागते ती यवतेश्वरच्या घाटभर. रस्ता दोन गाड्यांपुरता, त्यात वरून एसटी उतरत असते. शिवाय हंगामाच्या आसपासच्या एका रविवारी सातारा हिल हाफ मॅरेथॉन असते आणि तिचा मार्ग याच घाटातून जातो. त्या सकाळी रस्ता धावणाऱ्यांचा असतो, तुमचा नाही. रविवारच पाहिजे असेल तर निदान ही तारीख बघून घ्या.

हंगामात कासला प्रवेश आरक्षणावर आहे. ऑनलाइन करायचं, रोजच्या पर्यटकांच्या संख्येला मर्यादा आहे आणि दिवसाचा कुठला टप्पा हवा ते निवडावं लागतं. आधी हे आरक्षण, मग हॉटेल, मग गाडी. लोक बरोबर उलट करतात आणि नाक्यावर वाद घालत बसतात.

आता पहाटेचं. सूर्योदय बघायला किल्ल्यावर जातात, तो हिशेब कासला लावू नका. पठार सुमारे १,२०० मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या माथ्यावर, पलीकडे कोयनेचं खोरं. सप्टेंबरात सकाळी तिथं धुकं बसलेलं असतं. समोरचं झुडूप दिसायची मारामार, फुलं दवाने मान टाकलेली, आणि तुम्ही छत्री सावरत उभे. गालिचा म्हणून जे फोटो तुम्ही पाहिलेत ते ऊन पडल्यावरचे. साडेनऊ ते बारा ही वेळ धरा. दुपारनंतर ढग परत उतरतात. राजमार्ग नावाच्या वाटेने चालत कुमुदिनीचं तळं बघायचं असेल तर दुपारच्या आतच, कारण कुमुदिनीची पांढरी फुलं सकाळी उमलतात आणि दुपार कलली की मिटतात. पण ती चाल जाऊन-येऊन तीन-चार किलोमीटरची आहे, तुमच्या आई-वडिलांना झेपणार नाही. त्यांना मुख्य पठारावरच बसवा.

फुलंही तारीख बघून फुलत नाहीत. ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत दर आठवड्याला रंग बदलतो. गेंदाची पांढरी बोंडं, तेरड्याचा गुलाबी, सीतेच्या आसवांचा जांभळा-निळा, मग सोनकी आणि कवल्याचा पिवळा. कवल्यालाच हल्ली मिकी माऊस म्हणतात. आठवडाभर नुसती झड लागली तर हिरवंच दिसतं, मधे दोन-तीन दिवस उघडीप मिळाली की पठार रंगतं. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी हॉटेलवाल्याला एवढंच विचारा : काल ऊन पडलं होतं का? उभ्याने फोटो काढून परत फिरू नका, मुलांना उकिडवं बसवून सीतेची आसवं जवळून दाखवा. नखाएवढं फूल, आणि खाली ओल्या मातीत त्याच्या बारीक पिशव्या, ज्यात पाण्यातले किडे अडकतात. जांभ्या खडकावर बोटभर माती, तिच्यात अन्न नाही, म्हणून ही झाडं किडे खातात. त्याच मातीवर बूट पडला की पुढच्या वर्षीचं बी गेलं. पायवाट सोडायची नाही, मग फोटो कितीही चांगला येत असो.

आता गाडी. मेहुण्यांनी त्यांची सहल अशीच केली होती, पुण्यातून सात सीटर, रविवार, पहाटे प्रस्थान. गाडी आदल्या रात्री एका इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये ताब्यात घेतली. ट्यूबलाइट एक, तीही लुकलुकणारी. व्हिडिओ काढला पण उभ्याने, चारी बाजूंनी एक फेरी. पुढच्या बंपरची खालची कड त्यात आलीच नाही. यवतेश्वरच्या घाटात रांगेत अडकले तेव्हा हँडब्रेक न लावता अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरली, चढावर, सहा माणसांसकट. असं केलं की क्लच प्लेट पूर्ण दाबली जात नाही, घसरत राहते आणि तापते. थोड्या वेळात करपल्याचा वास गाडीत. आरक्षण सकाळच्या टप्प्याचं होतं, त्यातला मोठा भाग रांगेत गेला. वर पोचले तर धुकं. मुलं कंटाळली, कणसं खाल्ली आणि उतरायला लागले, तेव्हा कुठे ऊन पडायला सुरुवात झाली होती. गाडी परत दिल्यावर डिपॉझिटमधून बंपरच्या कडेचे आणि क्लचचे पैसे कापले. कड आधीच घासलेली होती असं मेहुणे शपथेवर सांगतात. असेलही. व्हिडिओत नाही म्हणजे नाही.

आणि मग हिशेब मांडला तर काय? पुणे-सातारा साधारण ११० किलोमीटर, जाऊन-येऊन २२०. साताऱ्यातली फिराफिरी ११५ धरा : कास जाऊन-येऊन ५०, ठोसेघर तेवढंच, सज्जनगडाचं वळण वेगळं. म्हणजे ३३५ किलोमीटर, त्यातले दोन तृतीयांश नुसते महामार्गावर गाडी हाकण्यात. त्या २२० किलोमीटरांसाठी तुम्ही भाडं, इंधन आणि खेड शिवापूर-आनेवाडीचा टोल दोन्ही वेळेला भरता. उलट स्वारगेटहून सातारची विनाथांबा एसटी धरली तर तुमची आई आणि बायको अर्ध्या तिकिटात (२०२३ पासून महिलांना निम्मं भाडं आहे), वडील ६५ च्या पुढचे म्हणून अर्ध्या तिकिटात, ७५ पूर्ण असतील तर फुकट, मुलं बाराच्या आतली असतील तर तीही अर्ध्यात. पूर्ण तिकीट तुमचं एकट्याचं. आधार कार्ड तेवढं जवळ ठेवा. सातारचं एसटी स्टँड गावातच आहे, तिथून हॉटेलपर्यंत रिक्षा. रेल्वे स्टेशन मात्र गावाबाहेर माहुलीच्या बाजूला, त्यामुळे रेल्वेने यायचं म्हणत असाल तर रिक्षाचा तो खर्च धरा.

मग साताऱ्यात एका दिवसापुरती पिवळ्या पाटीची गाडी चालकासकट घ्या. इथं लोक फसतात ते दरात नाही, पॅकेजच्या नावात. "आउटस्टेशन" म्हटलं की रोजचे किमान २५० किंवा ३०० किलोमीटर लावतात, वर चालकाचा भत्ता. तुम्ही फिरणार ११५. म्हणजे न फिरलेल्या रस्त्याचे पैसे. "लोकल" म्हणून मागा. नेहमीचं पॅकेज आठ तास ८० किलोमीटरचं असतं, ते तुम्हाला पुरत नाही, म्हणून सरळ १२ तास १२० किलोमीटरचा भाव काढा. किलोमीटर त्याच्या घरापासून मोजणार की तुमच्या हॉटेलपासून, हे आधी विचारा. लुटतात लुटतात म्हणून ओरडणारे हा एक प्रश्न कधी विचारत नाहीत.

सीटचं गणित नीट करा. एर्टिगामध्ये चालक धरून सात, म्हणजे तुम्ही सहा जण बसता, पण सामानाला जागा उरत नाही, आणि सीएनजीची असेल तर डिकीतली बरीचशी जागा टाकीनेच खाल्लेली. सामान हॉटेलवर ठेवून निघा. मागच्या सीटवर मुलं, आई-वडील मधे. इनोव्हा महाग पडते पण गुडघ्यांना बरी.

चालक स्थानिक असण्याचा फायदा भाड्यात दिसत नाही. पोवई नाक्याच्या ग्रेड सेपरेटरमध्ये, म्हणजे चौकाखालच्या भुयारी रस्त्यात, नवखा माणूस एका तोंडातून शिरतो आणि भलत्याच रस्त्याला वर येतो. कास आणि ठोसेघर नकाशावर शेजारी दिसतात, पण मधे उरमोडीचं खोरं आहे. कासहून परत साताऱ्यात उतरायचं, बोगद्यातून पलीकडे निघायचं, मग ठोसेघरचा रस्ता. मॅपवर भरवसा ठेवून कुठल्या तरी गावातल्या कच्च्या वाटेला लागलेल्या पुण्याच्या गाड्या दर हंगामात दिसतात.

दिवस असा बसतो : साडेआठला निघणं, कासचं वाहनतळ पठारापासून लांब आहे आणि तिथून छोटी बस असते, तो वेळ धरून दहाच्या आत पठारावर. बाराला उतरणं, साताऱ्यात जेवण, साडेतीनपर्यंत ठोसेघर. तिथं धबधबा ढगात असेल तर लगेच परत फिरू नका, पंधरा-वीस मिनिटं गॅलरीत थांबा, पडदा सरकतो. खाली उतरायला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. येताना सज्जनगड. गाडी वरपर्यंत जाते तरी पायऱ्या उरतातच, तेव्हा वडिलांची दमछाक बघून ठरवा. दुपारचा महाप्रसाद घ्यायचा असेल तर सज्जनगड दुसऱ्या दिवशी सकाळी वेगळा करा, हे जास्त बरं. अजिंक्यतारा आणि चार भिंती पोचल्या दिवशी संध्याकाळी होतात.

आता सगळं ऐकूनही सेल्फ ड्राइव्हच घेणार असाल, तर पाटी बघा. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं म्हणजे रीतसर भाड्याने चालवायची गाडी. पांढऱ्या पाटीची, "मित्राची गाडी आहे, कोणी विचारलं तर नातेवाईक सांगा" असली गाडी घेऊ नका. खासगी गाडी भाड्याने दिली हे उघड झालं की विमा कंपनी दावा नाकारू शकते, आणि घाटात ठोकर लागल्यावर तो मित्र फोन उचलत नाही. गाडी उजेडात ताब्यात घ्या. व्हिडिओ खाली बसून काढा : बंपरच्या खालच्या कडा, चारी रिम, टायरची नक्षी, काचेवर वायपरच्या कडेला खडा लागल्याची खूण, छत, स्टेपनी, जॅक आणि पाना. मीटर आणि इंधनाचा काटा एकाच चौकटीत. करारात बघा की टायर, क्लच आणि गाडीचा तळ यांचं नुकसान कोणाच्या अंगावर. बहुतेक वेळा तुमच्याच असतं. किलोमीटरची मर्यादा आणि वरच्या किलोमीटरचा दर लिहून घ्या. फास्टॅगचे पैसे आणि कॅमेऱ्याचं चलान मागून येतं, तोवर डिपॉझिट अडकलेलं.

घाटात रांग थांबली की हँडब्रेक, न्यूट्रल. पुढची गाडी एक गाडीभर सरकू द्या, मग पहिल्यावर एकदम उचला. इंच-इंच सरकण्यातच क्लच जातो. उतरताना दुसरा गिअर, न्यूट्रल कधीच नाही, नाहीतर सगळा भार ब्रेकवर येऊन ते तापतात आणि पेडल दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही. धुक्यात लाइट लो बीमवर. हाय बीम धुक्यावर आपटून तुमच्याच डोळ्यात येतो.

एक मान्य करतो, मेहुण्यांनी वाचलं तर वाचू दे : तान्हं मूल बरोबर असेल, दर तासाला थांबायचं असेल, किंवा कासवरून पुढे बामणोलीला जाऊन निवांत बोटीत बसायचं आणि मुक्कामही तिकडंच करायचा असेल, तर स्वतःची गाडी सोयीची. चालकाला रात्री थांबवून ठेवण्याचे पैसे मग जड जातात. पण वासोटा किल्ला त्यात धरू नका. तो पावसाळ्यात बंद असतो आणि सुरू झाल्यावरही वन खात्याची परवानगी लागते.

तुमच्या बाबतीत मी साताऱ्याचीच गाडी घेईन. गाडीवाल्याला फोनवर भाव विचारून सोडू नका, व्हॉट्सअ‍ॅपवर असं लिहून पाठवा : "सहा माणसं, दोन ज्येष्ठ. सातारा-कास-सातारा-ठोसेघर-सज्जनगड-सातारा. सकाळी साडेआठ ते रात्री आठ. लोकल, १२ तास १२० किलोमीटर. वरचा किलोमीटर आणि वरचा तास किती? पार्किंग कोणाचं? मीटर हॉटेलपासून." त्याचं उत्तर लेखी आलं की मगच अ‍ॅडव्हान्स टाका, आणि कासच्या आरक्षणाची तारीख त्याच मेसेजखाली चिकटवून ठेवा.