शेडरमध्ये युनिफॉर्म लिहिलेला असूनही लोकेशन -१ का येतं?

प्रश्न थोडक्यात असा: ओपनजीएलच्या (थ्रीडी चित्र काढायच्या प्रणालीच्या) फ्रॅगमेंट शेडरमध्ये, म्हणजे ग्राफिक्स कार्डावर पिक्सेलचा रंग ठरवणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये, लाइटच्या रंगाचा युनिफॉर्म (बाहेरून शेडरला दिली जाणारी किंमत) आहे, स्पेलिंग दहा वेळा तपासलंय, शेडर विनातक्रार कंपाइल होतो, तरी त्या युनिफॉर्मचा नंबर, म्हणजे लोकेशन, सांगणारं जीएल-गेट-युनिफॉर्म-लोकेशन हे फंक्शन -१ परत करतं. शिवाय हे लोकेशन दर फ्रेमला विचारलं तर चालेल का, हेही तुम्ही विचारलंय.

तुमचं स्पेलिंग बरोबरच असणार. कारण तुमच्याच एका वाक्यात आहे: ‘तपासायला म्हणून शेवटी सगळं लाल करून बघितलं.’ ती लाल ओळच लाइटच्या मुळावर आली आहे. शेवटच्या ओळीत थेट लाल रंग दिलात, की वरचा सगळा हिशोब वाया जातो. लाइटचा रंग तुम्ही वर गुणलाय, बेरजेत घेतलाय, पण तो आकडा पिक्सेलपर्यंत पोचतच नाही. ज्याचा शेवटच्या चित्रावर काही परिणाम नाही, ते कंपायलर आणि लिंकर काढून टाकतात. असा युनिफॉर्म मग ‘अ‍ॅक्टिव्ह’ राहत नाही, आणि अ‍ॅक्टिव्ह नसलेल्याचं लोकेशन -१. म्हणजे शेडरमध्ये नाव लिहिलेलं असणं पुरेसं नाही, ते कामाला लागलेलं असावं लागतं.

वाईट भाग पुढे आहे. -१ या लोकेशनला जीएल-युनिफॉर्मने किंमत पाठवली, तर ओपनजीएल ती मुकाट्याने सोडून देतं. एरर नाही, काही नाही. म्हणून अंदाज करत बसू नका, शेडर एकत्र जोडून (लिंक करून) बनलेल्या प्रोग्रामलाच विचारा. लिंक झाल्यावर जीएल-गेट-प्रोग्रामआयव्हीने अ‍ॅक्टिव्ह युनिफॉर्म किती आहेत ते घ्या, आणि तेवढ्या वेळा जीएल-गेट-अ‍ॅक्टिव्ह-युनिफॉर्म फिरवून प्रत्येकाचं नाव छापा. दहा-बारा ओळींचं काम आहे. ही यादी मी प्रत्येक नव्या शेडरला छापतोच. युनिफॉर्म ब्लॉकच्या (एका गटात बांधलेल्या युनिफॉर्मच्या) आतल्या सदस्यांची नावं या यादीत दिसतात, पण त्यांचंही लोकेशन -१ च असतं. त्यांना किंमत बफरमधून द्यायची. स्ट्रक्टचा अ‍ॅरे असेल तर नाव कंसातल्या आकड्यासकट आणि टिंबासकट पूर्ण द्यावं लागतं.

आता -१ इतकाच फसवा असलेला दुसरा आकडा: शून्य. मी मालवणचा. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र भरती-ओहोटीसकट संगणकावर उभा करतोय. आमच्याकडे भरतीची वेळ तिथीच्या पाऊणपटीने काढतात. चतुर्थी असली की चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. माझा प्रोग्राम याच हिशोबाने पाण्याची पातळी काढतो आणि एका युनिफॉर्ममधून व्हर्टेक्स शेडरला, म्हणजे आकाराचे बिंदू कुठे बसतील ते ठरवणाऱ्या शेडरला, देतो. माझ्या लॅपटॉपवर पाणी नीट चढायचं. तोच प्रोग्राम रत्नागिरीला मावसभावाच्या मशीनवर लावला, तर चतुर्थीला तीन वाजता खडपं उघडी! दोन रात्री मी लाटांचं गणित तपासत बसलो. चूक एका अटीत होती: लोकेशन शून्यापेक्षा मोठं असेल तरच किंमत पाठव, असं मी लिहिलं होतं. त्याच्या ड्रायव्हरने भरतीच्या युनिफॉर्मला शून्य नंबर दिला होता, माझ्या ड्रायव्हरने दोन. शून्य हे पूर्ण वैध लोकेशन आहे. लिंक झाल्यावर युनिफॉर्मची किंमत शून्य असते, आणि माझ्या हिशोबात शून्य म्हणजे ओहोटी. अट ‘-१ नसेल तर’ अशी केली आणि पाणी चढलं. लोकेशन ठेवायला साधा इंटच घ्या. अनसाइन्डमध्ये (ऋण आकडे न घेणाऱ्या प्रकारात) टाकलंत तर -१ चे ४२९४९६७२९५ होतात.

दर फ्रेमला विचारू नका. नावावरून शोध घेणं म्हणजे दर वेळी स्ट्रिंग जुळवणं, आणि उत्तर तर बदलत नाही. लिंक झाल्यावर एकदा विचारा आणि ठेवून द्या. मात्र ते त्या प्रोग्रामपुरतंच असतं. वरच्यावाडीतलं तीन नंबरचं घर आणि खालच्यावाडीतलं तीन नंबरचं घर वेगळं, तसंच हे. प्रोग्राम पुन्हा लिंक केलात तर नंबर पुन्हा विचारा आणि किमतीही पुन्हा भरा. किंमत पाठवण्याआधी जीएल-यूज-प्रोग्रामने तोच प्रोग्राम चालू केलेला हवा, ओपनजीएल ४.१ पासून जीएल-प्रोग्राम-युनिफॉर्म वापरलंत तर तीही गरज नाही.

ओपनजीएल ४.३ पासून लोकेशनचा नंबर शेडरमध्येच लिहून ठेवता येतो. मला ती पद्धत फार आवडते, पण मॅकवर ओपनजीएल ४.१ वरच थांबलंय आणि वेबजीएल २ मध्येही (ब्राउझरमध्ये चालणाऱ्या रूपातही) ही सोय नाही. तुम्ही नंतर वेबवर जाणार असाल तर नावाने शोधायची सवयच ठेवा. तिथे लोकेशन हा आकडा नसून एक ऑब्जेक्ट असतो, आणि न सापडलेल्याला -१ ऐवजी नल येतं.

आधी ती लाल ओळ काढा, रंगाचा खरा हिशोब परत लावा आणि यादी छापून बघा. लाइटचं नाव तरीही आलं नाही, तर व्हर्टेक्स आणि फ्रॅगमेंट दोन्ही शेडर पूर्ण टाका, मी बघतो.